भिंतीवर लेप चढवण्याआधी

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



या व्याख्यानमालेत आजवर साहित्य, इतिहास, राज्यघटना असे भारदस्त विषय झाले. यंदा भिंतीतल्या ओलीवर बोलणारा माणूस बोलावून आयोजकांनी धाडसच केलं आहे. ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो ते आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवत. त्यांना हा विषय चालला असता, अशी माझी समजूत आहे.

प्रश्न साधा आहे. जुनं घर आहे. भिंती विटांच्या नाहीतर दगडाच्या, जाड, चुन्यात बांधलेल्या. थंडीत ते गारठतं किंवा उन्हाळ्यात तापतं. म्हणून भिंतींवर उष्णतारोधक थर चढवायचा, म्हणजे आपण ज्याला सरळ इन्सुलेशन म्हणतो ते करायचं. दोन-तीन वर्षांत खोलीच्या कोपऱ्यात काळी बुरशी दिसते, गिलाव्याचे पोपडे सुटतात, कपाटातले कपडे कुबट होतात. घर उबदार करायला गेलो आणि ओल घेऊन बसलो, असं का होतं? ते टाळता येतं का?

या प्रश्नाची सर्वांत मोठी प्रयोगशाळा सध्या ब्रिटन आहे, म्हणून आधी तिकडे जाऊ. तिथे १९१९ हे वर्ष ढोबळ सीमारेषा मानतात. त्याआधीची बहुतेक घरं भरीव भिंतींची, साधारण नऊ इंच विटांची. मध्ये पोकळी ठेवून दोन पदरी भिंत बांधायची पद्धत त्यानंतर सरसकट रुळली. भरीव भिंत पाऊस अडवत नाही, ती तो पिते. वीट आणि चुना दोन्ही सच्छिद्र असतात. झड लागली की बाहेरचे इंच-दोन इंच भिजतात, आणि ऊन-वारा आला की तेच पाणी आल्या वाटेने निघून जातं. आतल्या बाजूला शेगडीत कोळसा पेटलेला असे आणि धुराडं खोलीतली हवा सतत ओढून घेई. खिडक्यांच्या फटींतून नवी हवा येई. घर गार होतं, पण वाळत होतं. पुढे कोळसा गेला, धुराडी बुजवली गेली, खिडक्यांना घट्ट बसणाऱ्या चौकटी आल्या आणि भिंतीच्या बाहेर सिमेंटचा गिलावा चढला. वाळण्याच्या वाटा एकेक करून बंद होत गेल्या. इन्सुलेशन आलं ते या सगळ्यानंतर.

ते यायला सबळ कारण होतं, हेही सांगितलं पाहिजे. अशा भिंतीच्या एका चौरस मीटरमधून, आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना, साधारण दोन वॅट उष्णता निसटते. तिथले नियम म्हणतात, भिंतीची सुधारणा करताना हा आकडा ०.३ वर आणा. हवामान बदलाचा कायदा आहे, गॅसची बिलं आहेत, थंडीने आजारी पडणारे म्हातारे आहेत. तेव्हा सरकारने वीज आणि गॅस कंपन्यांवर बंधन घातलं: गरीब वस्त्यांमधली घरं तुमच्या खर्चाने उबदार करा.

उत्तर इंग्लंडातल्या लँकेशर परगण्यात प्रेस्टन नावाचं शहर आहे. एकेकाळचं सुती गिरण्यांचं गाव, आपल्या गिरणगावाची आठवण यावी असं. तिथल्या फिशविक भागात कामगारांच्या विटांच्या घरांच्या रांगा आहेत. अशा एका योजनेत तिथल्या तीनशेहून जास्त घरांना बाहेरून इन्सुलेशन केलं गेलं. योजनेची मुदत २०१२ च्या अखेरीस संपत होती आणि काम घाईत उरकलं गेलं. भिंतीवर तक्ते चिकटवायचे, त्यावर जाळी, त्यावर पातळ गिलावा, कृती एवढीच. पण ज्या भिंतींवर हे चढवलं त्या आधीच भिजलेल्या होत्या. पन्हळी गळत होत्या, दरजा उघड्या होत्या. त्या दुरुस्त न करताच वर लेप चढला. वळचणीपाशी, खिडक्यांभोवती, नळांच्या मागे कडा नीट बंद झाल्या नाहीत. पाऊस त्या फटींतून लेपामागे शिरला आणि तिथेच राहिला. आतून बुरशी आली, गिलावा पडू लागला, लाकूड कुजू लागलं. घरं रांगेतली, भिंती सामाईक. त्यामुळे एका घरातली ओल शेजारच्या घरातही उतरली. काही घरांवरून हा लेप खरवडून काढावा लागला. लावण्यापेक्षा काढणं महाग पडतं, हे वेगळं सांगायला नको.

रेनकोट घालून दुचाकीवरून गेलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे: गळ्याजवळून थोडं पाणी आत गेलं की घरी पोहोचेपर्यंत माणूस आतून चिंब होतो, आणि रेनकोट अंगावर असेपर्यंत वाळत नाही.

या आणि अशा प्रकरणांनंतर पीटर बॉनफील्ड यांच्याकडे चौकशी सोपवली गेली. त्यांचा अहवाल २०१६ च्या डिसेंबरमध्ये आला. त्यातून २०१९ साली एक नवं मानक तयार झालं, पीएएस २०३५. त्याचा गाभा असा की एकेक भिंत सुटी बघू नका, अख्खं घर बघा. आधी तपासणी, मग आराखडा, मग काम, आणि हवा खेळती ठेवण्याची सोय केल्याशिवाय कामाला हात घालू नका. उत्तम. कागदावर याहून चांगलं काही लिहिता आलं नसतं.

आणि तरीही २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाचा अहवाल आला. सरकारी योजनांतून बाहेरून इन्सुलेशन केलेल्या घरांपैकी ९८ टक्के घरांत मोठे दोष आहेत, म्हणजे वेळीच दुरुस्त न केल्यास ओल आणि बुरशी येईल असे, असा त्यांचा अंदाज होता. घरांची संख्या २२ ते २३ हजार. आतून इन्सुलेशन केलेल्या घरांत हे प्रमाण २९ टक्के. अहवाल हाती आला तेव्हा ९८ हा आकडा मी पुन्हा तपासून पाहिला, छपाईची चूक असेल म्हणून. नव्हती.

हा आकडा वाचून ‘बाहेरून इन्सुलेशन वाईट, आतून चांगलं’ असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. तो चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा हे कळलं की या विषयाचं निम्मं कोडं सुटतं.

हवेत वाफ असते. गरम हवेत ती जास्त मावते, गार हवेत कमी. २० अंशांच्या एका घनमीटर हवेत फार तर १७ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात राहतं; ५ अंशांच्या हवेत सातसुद्धा नाही. इंग्लंडमधल्या खोलीत २० अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल, तर ती हवा १२ अंशांच्या पृष्ठभागाला टेकली की दव धरते. बुरशीला तर दवाचीही गरज नाही. पृष्ठभागालगतची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली की तिचं भागतं. चार माणसांचं कुटुंब स्वयंपाक, आंघोळ, कपडे वाळवणं आणि नुसता श्वास यांतून दिवसाला दहा लिटरच्या आसपास पाणी घरातल्या हवेत सोडतं. ही सगळी वाफ गार जागा शोधत असते.

बाहेरून इन्सुलेशन केलं की विटांची भिंत उबदार बाजूला येते. तिच्यात दव धरण्याची शक्यता कमी होते. म्हणजे नीट केलं तर बाहेरचा लेप भिंतीला कोरडं ठेवतो. आतून केलं की उलट होतं. खोलीची ऊब भिंतीपर्यंत पोहोचत नाही, भिंत पूर्वीपेक्षा गार पडते, पावसाने भिजली तर वाळायला जास्त वेळ घेते, आणि लेप व भिंत यांच्या मधल्या सांध्यावर दव धरू शकतं. भिंतीत रुतलेली लाकडी तुळयांची टोकं तिथेच कुजतात. शास्त्र बाहेरच्या बाजूने आहे. पण बाहेरचं काम पावसाच्या तोंडी असतं, त्याला शेकडो कडा असतात, आणि एकेका कडेवर गवंड्याची कसोटी लागते. वळचण पुढे वाढवावी लागते, खिडकीचा उंबरठा नवा बसवावा लागतो, पन्हळीचा नळ भिंतीपासून सुटा करून पुन्हा लावावा लागतो. एवढं कोण करतो? कंत्राटदाराला पैसे मिळतात ते चौरस मीटरवर, कडांवर नाही. ९८ टक्क्यांचं मूळ माझ्या मते इथे आहे.

आता जाडीबद्दल थोडं, कारण इथे हाव नडते. दोन वॅट गळणाऱ्या भिंतीवर ४० मिलिमीटर लाकडाच्या तंतूंचा तक्ता लावा. गळती साधारण ०.६७ वर येते, म्हणजे दोन-तृतीयांश बचत झाली. त्यावर आणखी ६० मिलिमीटर चढवा. गळती ०.३३ वर येईल. पहिल्या ४० मिलिमीटरने १.३३ वॅट वाचवले, पुढच्या ६० ने फक्त ०.३४. आतून काम करताना प्रत्येक वाढीव इंचाबरोबर मूळ भिंत अधिक गार होते, म्हणजे धोका वाढत जातो आणि फायदा आटत जातो. जुन्या भरीव भिंतीला आतून पातळच थर द्यावा, हे माझं स्पष्ट मत आहे. ०.३ चा हट्ट तिथे सोडावा. वारसावास्तू आणि जुन्या बांधणीच्या घरांना नियमांतही ही सवलत मिळू शकते. ती घेणारे कमी.

साहित्य कोणतं? खनिज लोकर, लाकडी तंतूंचे तक्ते, बुचाचे तक्ते, चुन्यात कालवलेला भांगेच्या खोडांचा भुसा. यांतून वाफ आरपार जाऊ शकते. लाकूड आणि भांग तर थोडं पाणी धरून ठेवून सावकाश सोडतात. थर्माकोलसारखे फेस वाफेला बरेच अडवतात, आणि चंदेरी पत्रा चिकटवलेले तक्ते पूर्णच अडवतात. जुन्या भिंतीला पहिल्या जातीचं साहित्य मानवतं, वर चुन्याचा गिलावा. पण एक इशारा देतो. बाजारात हल्ली ‘श्वास घेणारं’ असं लिहिलं की ग्राहक निर्धास्त होतो. वाफ जाऊ देणारा लेप गळकी पन्हळ दुरुस्त करत नाही. पावसाचं द्रवरूप पाणी वाफेच्या मानाने इतकं जास्त असतं की वाफेच्या वाटेने ते बाहेर काढू म्हणणं वेडेपणा आहे. अभियंत्यांनीही ही चूक वर्षानुवर्षं केली. जर्मनीच्या हेल्मुट ग्लेझर यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस दवाचं गणित मांडलं, आणि पुढे जगभर तेच वापरलं गेलं. त्यात फक्त वाफ होती. भिंतीवर आदळणारा पाऊस आणि विटेने शोषलेलं पाणी त्यात नव्हतंच. होल्झकिर्खेनच्या फ्राउनहोफर संस्थेने केलेल्या वूफी या संगणक प्रणालीत ते आलं.

आता आपल्याकडे येऊ. हे सगळं इंग्लंडचं रडगाणं आम्हाला कशाला, असं काहींच्या मनात आलं असेल. कारण असं की कोकणातली जुनी चिऱ्याची घरं आता पर्यटकांसाठी सजवली जात आहेत. खोल्यांना वातानुकूलन बसतं, वीजबिल वाढतं, मग कुणीतरी सुचवतं, भिंतींना आतून फोम लावा. तक्त्याबरोबर येणारी आकृती युरोपची असते. तिच्यात खोलीच्या बाजूला प्लास्टिकचा कागद दाखवलेला असतो, घरातली वाफ भिंतीत जाऊ नये म्हणून.

कोकणात पावसाळ्यात वाफ घरात नाही, बाहेर आहे. २८ अंश तापमान, ९० टक्के आर्द्रता. ही हवा २६ अंशांनाच दव धरते. खोली २२ अंशांवर ठेवली आहे. पावसाने भिजलेल्या चिऱ्यावर मध्येच ऊन पडलं की त्यातली ओल वाफ होऊन आत ढकलली जाते, आणि तुमच्या गार प्लास्टिकच्या मागच्या बाजूला जाऊन टेकते. तिथे पाणी सुटणारच. पुढून भिंत गुळगुळीत, मागे बुरशीचं रान. अमेरिकेत फ्लोरिडातल्या हॉटेलांनी हा धडा पूर्वीच महागात घेतला आहे: गार खोल्या, भिंतीवर विनाइलचा कागद, आणि कागदाच्या मागे काळी बुरशी. तेव्हा इंग्लंडचा आराखडा कोकणात आणायचा तर आत-बाहेर उलटं करून वाचावा लागतो.

आणि वातानुकूलन नसेल तर? मग पावसाळ्यात आत २८ अंश आणि बाहेरही २८. तापमानात फरकच नाही, तर इन्सुलेशन अडवणार काय? उन्हाळ्यात भिंतीवर सावली असली की काम भागतं. म्हणून माझा निवाडा असा की कोकणातल्या वातानुकूलन नसलेल्या जुन्या घराच्या भिंतींना इन्सुलेशन करू नये. पैसा कौलांखाली घाला.

त्या घरांना खरा त्रास वेगळाच आहे. चिरा पाणी पितो, म्हणून जुन्या लोकांनी वळचण खोल ठेवली, भोवती पडवी काढली, जोतं उंच घेतलं. पश्चिमेच्या नाहीतर दक्षिणेच्या भिंतीवर, जिकडून झड येते तिकडे, पावसाळ्यापुरते झावळ्यांचे झाप बांधले. हे झाप भिंतीला चिकटलेले नसत. मध्ये वारा खेळे. झाप पाऊस अंगावर घेई आणि भिंत मागे कोरडी राही. पाऊस सरला की झाप निघत आणि भिंत ऊन खाई. आजचा वास्तुविशारद नेमकं हेच ॲल्युमिनियमच्या सळ्या आणि तक्ते वापरून करतो, मागे हवेची पोकळी सोडून, आणि चौरस फुटावर दर लावतो. बाहेरून इन्सुलेशन करण्याची सर्वांत सुरक्षित पद्धतही हीच आहे: लेप, मग हवेची पोकळी, मग पावसाचं कवच.

आपण मात्र झाप काढून सिमेंटचा गिलावा केला. जोसेफ ॲस्पडिन या लीड्सच्या गवंड्याने १८२४ साली पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं. तो माल वाईट नाही, पण चुन्यात बांधलेल्या मऊ भिंतीवर तो विसंगत आहे. भिंत हलते, सिमेंटला केसासारख्या भेगा पडतात, त्यातून पाणी आत जातं आणि गिलाव्यातून बाहेर येऊ शकत नाही. मग ते आतल्या बाजूने निघतं. खालच्या तीन फुटांत लोणा लागतो, त्यावर आपण प्लास्टिकचा रंग देतो, तो फुगतो, आपण रंगाच्या कंपनीला शिव्या देतो. सिमेंट काढून चुना लावला तर पुष्कळ घरांतली ओल दोन-तीन पावसाळ्यांत ओसरते. अडचण आहे ती चुना मळणारे हात शोधण्याची.

देशावर आणि विदर्भात प्रश्न खराच उष्णतेचा आहे. वाड्याची दोन-अडीच फुटी मातीची भिंत दुपारची धग आत पोहोचवायला रात्र करते, आणि रात्री खिडक्या उघडल्या की ती धग निघून जाते. अशा भिंतीला आतून फोम लावणं म्हणजे तिचा सगळा गुण बाद करणं. तिथे लेप द्यायचाच तर बाहेरून, तोही फक्त पश्चिमेच्या उघड्या भिंतीला, वाफ जाऊ देणारा, आणि त्याआधी छपराला. केंद्र सरकारच्या २०१८ च्या इको-निवास संहितेतही नव्या घरांच्या छपरासाठी उष्णतागळतीची वेगळी मर्यादा घातली आहे, १.२ वॅट. उन्हाळ्यात दुपारचा सूर्य डोक्यावर असतो, भिंतीवर नाही, एवढं ते साधं आहे. जाड भिंतींचं कौतुक करताना मी किल्लारीचा भूकंपही विसरत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरची जड माळवदं यांनीच माणसं मारली. गारव्यासाठी जुनी भिंत राखायची तर आधी ती उभी राहील याची खात्री अभियंत्याकडून करून घ्यायला हवी.

सरतेशेवटी आपल्याकडे एक विनंती. आपलं जुनं घर असेल तर येत्या पावसाळ्यातल्या पहिल्या जोरदार सरीत छत्री घेऊन घराभोवती एक फेरी मारा. पन्हळ कुठे ओसंडते, पागोळ्यांचं पाणी जोत्यावर कुठे उडतं, खिडकीच्या उंबरठ्यावरून पाणी बाहेर पडतं की भिंतीकडे वळतं, अंगणाची माती जोत्याच्या वर तर चढलेली नाही ना, हे सगळं लिहून ठेवा. ती दुरुस्ती करा. स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात हवा बाहेर टाकणारा पंखा बसवा. दरज फुटली असेल तर चुन्याने भरा. भिंतीला वाळायला एक पूर्ण वर्ष द्या. नऊ इंच भिंत वाळायला महिन्याला इंच, असा तिकडच्या गवंड्यांचा ठोकताळा आहे. मग इन्सुलेशनवाल्याला बोलवा आणि पहिला प्रश्न विचारा, ही भिंत कशाची आहे आणि तिच्यातलं पाणी तुमच्या लेपातून बाहेर कसं जाईल? उत्तर न देता तो जाडी आणि चौरस फुटाचा दर सांगू लागला, तर चहा पाजून त्याला परत पाठवा.